गेम आणि गाणं एकाच कॉम्प्युटरवर

ओझरच्या एका मुलाने विचारलंय: "दादा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. द्राक्षाचे पैसे आले की बाबा एक लाख चाळीस हजार देणार आहेत, मॉनिटर आणि माइक सगळं त्यातच. व्हॅलोरंट आणि जीटीए व्ही खेळतो. पथकात ताशा वाजवतो, बहीण अभंग गाते, दोघांचं रेकॉर्डिंग घरी करायचंय. दुकानात सांगितलं की निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट चालेल तसं घेऊ. घालू का?"

नको घालूस. नुसता गेमसाठी कॉम्प्युटर असता तर मी या सल्ल्यावर फार भांडलो नसतो. पण तुझ्या मशीनवर बहीण गाणार आहे, आणि गाण्याचं मशीन कुठे कमी पडतं हे दुकानाच्या काउंटरवर दिसत नाही. मी नाशिकमध्ये एकवीस वर्षं कॉम्प्युटर असेंबल करतोय, त्यातली शेवटची दहा-बारा मुख्यतः घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेममध्ये सेकंदाला ६० चित्रं पडत असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ असतील तर सातच्या आत. एखादं चित्र उशिरा आलं तर स्क्रीनवर आधीचंच क्षणभर राहतं. डोळा ते सोडून देतो. आवाजाचं तसं नाही. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करताना सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात आणि कॉम्प्युटर ते गठ्ठ्यांनी हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ ठेवला तर एका गठ्ठ्यासाठी २.६७ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाला ३७५ वेळा काम वेळेत संपायला हवं. पाच मिनिटांच्या अभंगात ही वेळ १,१२,५०० वेळा येते. त्यातली एक जरी चुकली तर मधेच 'टिक' असा आवाज येतो, आणि तो कायमचा त्या टेकमध्ये, म्हणजे त्या सलग रेकॉर्डिंगमध्ये, बसतो. त्यामुळे मशीन सरासरी किती वेगवान आहे यापेक्षा त्याचा सगळ्यात वाईट क्षण किती वाईट आहे, ते मी आधी बघतो.

बफर मोठा केला की काम सोपं होतं, पण आवाज उशिरा ऐकू येतो. तू ताशावाला आहेस, तुला हे लगेच कळेल. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मिरवणुकीत तुझ्यापासून वीस मीटर मागे असलेल्या ढोलवाल्याला तुझा ताशा जवळपास ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून कानावर विसंबला तर तो मागे पडतो आणि हातांकडे बघून वाजवतो. हेडफोनमध्ये दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे वाजवणारा साडेतीन मीटरवर उभा असल्यासारखं. तेवढं चालतं. तीस-चाळीस झाले की हात अडखळायला लागतात.

काही वर्षांपूर्वी पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात एका कीर्तनकाराचं रेकॉर्डिंग होतं. मशीन मी जोडलेलं, प्रोसेसर त्या वेळचा चांगल्यातला. चौथ्या मिनिटाला टिक. पुन्हा घेतलं, या वेळी दुसऱ्या मिनिटाला टिक. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर बारा टक्क्यांवर निवांत. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून ठेवलं, तेव्हा दिसलं की वायफायचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसर अडवून धरतोय आणि तेवढ्यात आवाजाचा एक गठ्ठा हुकतोय. वायफाय बंद केलं, लॅनची वायर ओढली, टिक गेली. तेव्हापासून कुठलंही रेकॉर्डिंगचं मशीन मी लेटन्सीमॉन तासभर चालवल्याशिवाय हातातून सोडत नाही. मदरबोर्ड वायफायवाला मिळाला तरी घे, पण टेक घेताना ते बंद ठेव.

आता सामान. प्रोसेसर रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. सहा कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग), वेग ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि ६५ वॉटचा असल्यामुळे थंड ठेवायला सोपा. एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेले इफेक्ट साधारण एकाच कोअरवर चालतात, कारण पहिल्याचं संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. म्हणून संगीतात नुसते कोअर मोजून भागत नाही, एकेका कोअरचा वेगही हवा. व्हॅलोरंटचंही गणित तेच, तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतो. एक्स३डी नावाचे मोठ्या कॅशचे (चिपमधल्या जलद मेमरीचे) प्रोसेसर गेमला खरंच उत्तम आहेत, पण त्या जादा पैशाचा गाण्याला म्हणावा तसा उपयोग नाही, आणि तुझ्या बजेटमध्ये ते दुसरीकडे जास्त कामाला येतील. एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डवर हा प्रोसेसर बसतो ती जागा, घेण्याचं आणखी एक कारण म्हणजे एएमडीने तो २०२७ आणि पुढेही चालू ठेवण्याचं जाहीर केलंय. चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून वरचा प्रोसेसर घालता येईल. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा वरचा आय-सेव्हन किंवा आय-नाइन कुणी सेकंडहँड स्वस्तात देत असेल तर जपून. त्यात व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर अपडेट दिलं, पण आधीच झिजलेली चिप त्याने सुधरत नाही, आणि ती आधी किती वापरली गेली हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

मदरबोर्ड बी६५० चा साधा घे. मागे यूएसबीचे पोर्ट भरपूर असावेत आणि एसएसडी बसवायचे एम.२ चे दोन स्लॉट असावेत, बाकी दिव्यांच्या रोषणाईला पैसे देऊ नकोस.

रॅमवर थोडं थांबतो, कारण सध्या सगळ्यांचं बजेट इथेच कोलमडतंय. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. साध्या काळात मी डोळे झाकून १६ च्या दोन पट्ट्या, म्हणजे ३२ जीबी, डीडीआर५ ६००० सांगितली असती. तबला, हार्मोनियम, तंतुवाद्यं यांच्या सॅम्पल लायब्ररी, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले सूर आणि बोल, रॅममध्ये येऊन बसतात, एकेक काही जीबीची असते. दहा वाद्यं उघडली की १६ जीबी भरते. तरी भाव झेपत नसेल तर १६ ची एकच पट्टी घे, आणि सहा महिन्यांनी त्याच कंपनीची, त्याच नंबरची दुसरी. एका पट्टीवर गेमचा वेग काही टक्के पडेल, तो सहन कर. ८ च्या दोन मात्र घेऊ नकोस. पुढे वाढवायची म्हटलं की चार पट्ट्या होतात, आणि एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की मेमरीचा वेग बराच खाली आणावा लागतो. मग त्या दोन आठच्या पट्ट्या विकायला फिरत बसशील.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०, ८ जीबीचं. फुल एचडी स्क्रीनवर तुझे दोन्ही गेम त्यावर मजेत चालतात आणि ते १४५ वॉटच खातं. नवे जड गेम पुढची चार वर्षं खेळायचे ठरवलेच असतील तर रेडिऑन ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं बघ. ८ आणि १६ मधला फरक नव्या गेममध्ये दिसायला लागलाय. पण तू दोनच नावं लिहिलीस, म्हणून मी ५०६० वर थांबतो. कार्ड घेताना बारकाईने हे बघ की ते कमी कामाला पंखे पूर्ण थांबवतं का. रेकॉर्डिंगच्या वेळी कार्डाला काही काम नसतं, पंखे थांबले की खोलीतला एक आवाज संपतो. मॉनिटर फुल एचडी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा वर.

आवाजाचं म्हणजे पंख्याच्या घरघरीचं सांगतो. अभंग सुरू होण्याआधी गाणारी श्वास घेते, तंबोरा हळू लावलेला असतो, आणि त्या दोन सेकंदांत मागे कॉम्प्युटरची घूं ऐकू येते. मिक्सिंगमध्ये ती काढायला गेलं की गळ्यातलं काहीतरी सोबत जातं. म्हणून ७६०० सोबत खोक्यात येणारा छोटा कूलर वापरू नकोस. तो प्रोसेसर सांभाळतो, पण लोड आला की ओरडतो. १२० मिलिमीटर पंख्याचा एका टॉवरचा साधा कूलर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो. सगळ्या बिलात इतक्या कमी पैशात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. वॉटर कूलिंगची गरज नाही, त्याच्या पंपाचाही स्वतःचा एक आवाज असतो. कॅबिनेट समोर जाळी असलेलं घे, काच असलेलं नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीच्या जवळ जाते, आत हवा आली नाही तर पंखे जोरात फिरणारच. जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर असावा. तुमच्याकडे बागेत फवारणी आणि रस्त्याची धूळ दोन्ही आहे, दर महिन्याला तो फिल्टर नळाखाली धर. आणि कॅबिनेट टेबलावर ठेवू नकोस. खाली, माइकच्या पाठीच्या दिशेला. बहुतेक गाण्याचे माइक समोरचं ऐकतात आणि मागचं कमी घेतात, याचा फायदा फुकट मिळतो.

एसएमपीएस "चालेल तसा" म्हणणाऱ्यावर मला राग येतो. तो एकच भाग बिघडताना बाकीच्यांना सोबत घेऊन जाऊ शकतो. ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का), निदान पाच वर्षं वॉरंटीचा घे. तुझं मशीन गेममध्ये तीनशे-साडेतीनशे वॉटच्या आसपास घेईल, मग ६५० कशाला? अर्ध्या क्षमतेवर चालणारा एसएमपीएस थंड राहतो आणि त्याचा पंखा जवळजवळ ऐकू येत नाही.

पण त्याआधी घराचं अर्थिंग. माझ्याकडे "साउंड कार्डात हम (सतत गुणगुणणारा आवाज) येतोय" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं साउंड कार्ड अगदी ठीक असतं. मळ्यातल्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरता उरतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने प्लगमध्येच मोजायला सांग: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर आधी खड्डा दुरुस्त, मग कॉम्प्युटर. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, हेही अर्थ नसल्याचंच लक्षण. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हम घालवायला काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. आवाज जातोही. पण उद्या आत कुठे फेज बॉडीला लागला तर तो हेडफोन घातलेल्या माणसातून जाईल. तुझी बहीण लोखंडी माइक तोंडाशी धरून उभी असणार आहे. ती पिन कधीही काढू नकोस, कुणाला काढू देऊ नकोस. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लाव आणि स्पीकरला बॅलन्स्ड (वाटेतला विजेचा गोंगाट रद्द करणारी) केबल वापर, हम तिथेच बराचसा संपतो.

वीज जाणं तुमच्याकडे रोजचं असेल. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नकोस, साध्या मोडमध्ये तो बदलायला इतका वेळ घेतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे साधारण ३६० वॉट, ते गेम चालू असताना काठावर येतात. १,००० किंवा १,१०० व्हीएचा घे. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की काम झालं.

साउंड कार्ड बाहेरचं, यूएसबीचं, दोन माइक लागतील असं. फोकसराइट स्कारलेट २आय२ किंवा त्या वर्गातलं दुसरं कुठलंही चालेल, फक्त कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असायला हवा. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजचा मधला आवाजाचा रस्ता टाळून थेट साउंड कार्डाशी बोलते, कमी बफर त्यामुळेच जमतो. ते मदरबोर्डच्या मागच्या पोर्टलाच लाव, पुढच्या पोर्टला किंवा हबला नको. त्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते चालू केलं की बहिणीला तिचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता तिथल्या तिथे ऐकू येतो, उशीर नाहीच. म्हणजे गाताना बफर २५६ किंवा ५१२ ठेवूनही चालतो. १२८ लागतो तो कीबोर्डवर सॅम्पलमधला तबला बोटांनी वाजवताना. मिक्सिंगला बसलास की सरळ १,०२४ कर.

माइक आत्ता एकच घे, डायनॅमिक. शुअर एसएम ५७ ताशाच्या आणि ढोलाच्या जवळ धरला तरी फाटत नाही, आणि पुढे फोमची टोपी घातली की गाण्यालाही चांगला लागतो. कंडेन्सर माइकला सगळे भुलतात, कारण दुकानात तो फार गोड वाटतो. पण तो तुझ्या खोलीत विहिरीची मोटर, कुत्री आणि शेजारचा टीव्ही सगळं तितक्याच प्रेमाने ऐकेल. नाशिक ढोलाच्या तोंडाशी तर त्यातले बरेच स्वस्त माइक फुटतात. आधी खोलीत गाद्या, गोधड्या टांगून आवाजाची घुमक कमी कर, कंडेन्सर नंतर. हेडफोन बंद कपाचे, नाहीतर त्यातला ठेका माइकमध्ये जातो.

एसएसडी एक टीबी एनव्हीएमई, पुढे पैसे आले की सॅम्पल आणि प्रोजेक्टसाठी दुसरी. जीटीए एकटाच शंभर जीबीच्या आसपास जागा घेतो. बहिणीच्या टेकची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर घे, ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे.

खरेदी कुठे करायची? पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव काढून आलास तर काही हजार वाचतील. तरी मदरबोर्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर मी नाशिकमधूनच घ्यायला सांगतो. बिघाड झाला की या तीन गोष्टी घेऊन जावं लागतं, आणि एका चकरेत वाचवलेले पैसे संपतात. प्रोसेसर खोक्यातलाच हवा, सुटा ट्रेमधला स्वस्त असतो पण त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते. बिल जीएसटीचं, प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहिलेलं. "बिल नको असेल तर कमी करतो" म्हटलं तर उठ आणि पुढच्या दुकानात जा.

जोडताना घाबरू नकोस. एएम५ ला पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, १,७१८. प्रोसेसर कडेने धरून अलगद सोड, दाबायचं नाही, सरकवायचं नाही. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, एकच असेल तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्यात. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, कारण बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. याच वेळी घाबरून बटण दाबून बंद करणारे आणि "बोर्ड मेला" म्हणून फोन करणारे मला दर महिन्याला भेटतात. चहा पिऊन ये. नंतर बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो चालू कर, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील. तिथलीच सिक्युअर बूट आणि टीपीएम ही सुरक्षेची सेटिंग चालू ठेव, विंडोज ११ वर त्यांच्याशिवाय व्हॅलोरंट उघडत नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लाव, मदरबोर्डला नको, आणि विंडोजमध्ये जाऊन ६० हर्ट्झचे १४४ कर.

मग गेम टाकण्याआधी एक रात्र मला दे. जेवणं झाल्यावर, घर शांत झालं की माइक लाव, बफर १२८ ठेव, वायफाय बंद, लेटन्सीमॉन चालू, आणि रिकाम्या खोलीचं तासभर रेकॉर्डिंग कर. दुसऱ्या दिवशी हेडफोन घालून, आवाज वाढवून ते ऐक. छताचा पंखा, लांबचा ट्रक, कुत्रं ऐकू येईल, ते सगळं चालेल. टिक ऐकू आली तर लेटन्सीमॉनमध्ये सगळ्यात वर कुठल्या ड्रायव्हरचं नाव आहे ते मला लिहून पाठव. नेटवर्कचं आहे की ग्राफिक्सचं, त्यावरून पुढचं सांगतो.